लिंबाजी अण्णांची हाक

मला पालक आवडत नाहीत. शाळेत खेळ शिकवणाऱ्या बाईनं असं बोलू नये, पण खरं ते खरं. लेकरं मला सगळी चालतात. आळशी चालतात, रडकी चालतात, शेंबडी तर लईच चालतात. पण मॅटच्या कडेला मांडी ठोकून बसलेला बाप दिसला की माझ्या डोक्यात तिडीक जाते. त्याला ज्युदोतलं ओ की ठो कळत नसतं आणि आपल्याइतकं कुणालाच कळत नाही अशी त्याची खात्री असते. आईची तऱ्हा वेगळी. लेकरू पडलं की ती 'अगं बाई' म्हणून तोंडाला पदर लावते, आणि उठायच्या बेतात असलेलं लेकरू ते बघून गळा काढतं.

आता मात्र शाळेत पालकसभा असली आणि कुणी विचारलं, 'मॅडम, आम्ही घरी काय करायचं?' की मी लिंबाजी अण्णांची गोष्ट सांगते. माझा दुसरा इलाजच नाही. या माणसानं मला जितका ताप दिला तितका कुणी दिला नाही, आणि पालक म्हणून त्यांच्या पासंगालाही पुरेल असा दुसरा मी पाहिला नाही.

लिंबाजी अण्णा धारूरच्या घाटाखालच्या एका वस्तीवरचे. ऊसतोडीच्या टोळीचे मुकादम. दसरा-दिवाळीच्या सुमारास वस्तीवरच्या नवराबायकोंच्या जोड्या ट्रॅक्टरात घालून पश्चिमेकडं न्यायच्या आणि उन्हाळा लागला की परत आणायच्या, हा त्यांचा धंदा. माणूस उंच, पांढरा पायजमा-सदरा, टोपी तिरकी, खांद्यावर गमजा. पण हे सगळं नंतर दिसायचं. आधी आवाज यायचा. शाळेच्या फाटकाबाहेर मोटारसायकल लावून ते कुणाशी तरी हळू बोलत असले, तरी मला हॉलमध्ये विषयासकट कळायचं. मोबाइल त्यांना उगीचच दिला होता. ते तो कानापासून हातभर लांब धरून बोलायचे आणि वस्तीवर असा समज होता की पलीकडच्याला ते तसंच ऐकू जात असणार.

त्यांचा दोष नव्हता. मुकादमाला बाकी काही नसलं तरी आवाज लागतोच. उसाच्या फडात माणसं पांगलेली असतात, वीतभर पुढचं दिसत नाही, बारकी लेकरं पाचटात खेळत असतात, आणि त्यातच भरलेली ट्रॉली मागं येते. अशा वेळी अण्णांची एक हाक असायची, "बाजूलाऽऽ!" ती ऐकली की हातात असेल ते टाकायचं आणि मागं सरकायचं. का, कशाला, असं विचारायचं नाही. त्यांच्या टोळीतली लेकरं चालायच्या आधी ही हाक शिकायची. त्यांच्या फडात आजवर एकाही लेकराला चाक लागलं नाही, हे ते छातीवर हात ठेवून सांगायचे, आणि ते खरं होतं.

त्यांची मुलगी कोमल. नाव ठेवणाऱ्यानं मुलीकडं नीट बघितलं नसावं. आठवीत होती तेव्हा गोळाफेकीत तिनं गोळा पंचांच्या खुर्चीपाशी टाकला आणि मी तिला ज्युदोत ये म्हणाले. दुसऱ्या दिवशी बापच तिला घेऊन हजर. आमच्याकडं हॉल म्हणजे पत्र्याची खोली आणि मॅट म्हणजे गाद्यांवर ताणलेली ताडपत्री. अण्णांनी ताडपत्री हातानं चाचपली, ज्युदोचा जाड पांढरा ड्रेस ओढून बघितला आणि निकाल दिला, की ही बाह्यांची कुस्ती आहे. मी म्हटलं, तसंच समजा.

पहिले काही महिने मी कुणालाच पाडायला शिकवत नाही. पडायला शिकवते. पाठ गोल, हनुवटी छातीला, हात ताडपत्रीवर आपटायचा, झालं, उठ. परत पड. अण्णा रोज बघायचे आणि रोज त्यांचा चेहरा लांबायचा. शेवटी एकदा उठून आलेच.

"म्याडम, पडायला कावून शिकवायलात? पडणं आमाला जल्मापासून येतंय की."

मी म्हटलं, या, पडून दाखवा. त्यांनी टोपी काढून कोमलच्या हातात दिली, चपला काढल्या आणि तोडलेल्या फांदीसारखे ताडपत्रीवर कोसळले. हॉल हादरला. पोरी तोंडात ड्रेसच्या बाह्या कोंबून हसत होत्या. अण्णा थोडा वेळ पत्र्याकडं बघत पडून राहिले आणि मग म्हणाले, की हे येत नव्हतं. त्यानंतर आठवडाभर त्यांची कंबर धरली होती, पण वस्तीवर जो भेटेल त्याला ते सांगत सुटले की आपली पोरगी पडायचं शिक्षण घेते, ते अवघड असतं.

असा माणूस. एकदा पटलं की मागं हटायचं नाही, आणि पटलं नाही तर तेही हॉलभर ऐकवायचं. कोमलचा ड्रेस ते स्वतः ओढ्यावर धुवायचे, कारण बायकोच्या हातात तेवढा जोर नाही म्हणे. वस्तीवर कुणाचं लग्न असलं तरी सरावाची वेळ झाली की पोरीला वऱ्हाडातून उठवून आणायचे. तिची नखं कापलेली आहेत की नाहीत हे माझ्याआधी तेच बघायचे. आणि प्रेमाच्या भरात घोटाळेही त्यांनीच करायचे.

तालुक्याच्या पहिल्या स्पर्धेला त्यांनी केलं काय, तर पोरीला घाटात थांबवून भजी चारली, वर चहा पाजला, वर घरून आणलेले शेंगदाण्याचे लाडू. लढायला चाललेलं लेकरू उपाशी कसं धाडायचं, हा त्यांचा सवाल. ज्युदोत वजनाचे गट असतात. कोमल काट्यावर उभी राहिली आणि वरच्या गटात गेली. तिथं तिच्या दीडपट पोरी. दोनदा पाठ टेकवून परत आली बिचारी. मी अण्णांना फाटकात उभं करून असं झापलं की चहावाला कप विसळायचा थांबला. त्यांनी ऐकून घेतलं. पुढच्या खेपेला सिरसाळ्याच्या आडतीवर सोयाबीन घालायला गेले तेव्हा कोमलला बरोबर नेलं, आणि सोयाबीनची मापं संपल्यावर तिला काट्यावर बसवलं. पोत्यांच्या मधोमध ही ऐटीत बसलेली, हमाल हसतायत, आणि बाप चष्मा लावून आकडा वाचतोय. हे कोमलनंच मला सांगितलं, लाजेनं लाल होऊन. संध्याकाळी अण्णांचा फोन आला की वजन बरोबर हाय, आडतीचा काटा हाय, खोट न्हाई.

इथवर सगळं गमतीचं होतं. पुढचं नाही.

कोमल नववीत गेली आणि बीडला जिल्ह्याच्या स्पर्धा झाल्या. पोरगी तयार झाली होती. पहिल्या दोन लढती तिनं हसत हसत मारल्या. तिसऱ्या लढतीला समोर बीड शहरातली एक चपळ मुलगी होती. कोमलनं तिची कॉलर आणि बाही अशी घट्ट धरली होती की मला वाटलं, आता फक्त वेळेचा प्रश्न आहे. अण्णा कडेला उभे राहून सकाळपासून ओरडत होते, पाय घाल, ओढ, दाब. मी दोनदा डोळे वटारले. पंचांनीही एकदा बोट दाखवलं. एवढ्यात समोरच्या मुलीनं आत शिरायचा प्रयत्न केला, आणि पोरीला धोका दिसल्याबरोबर अण्णांच्या तोंडून जन्माची सवय बाहेर पडली.

"बाजूलाऽऽ!"

कोमलनं हातातलं सोडलं. कॉलर सोडली, बाही सोडली, आणि एक पाऊल मागं सरकून उभी राहिली, दोन्ही हात मोकळे. फडात शिकवलं होतं तस्संच. समोरच्या मुलीला सुद्धा क्षणभर कळेना की हे काय झालं. मग तिनं कोमलला उचललं आणि पाठीवर आपटलं. लढत संपली.

परतीच्या जीपमध्ये अण्णा पुढं बसले होते आणि मागं वळून वळून सांगत होते, की तिनं असं करायला पाहिजे होतं, तसं करायला पाहिजे होतं. आपल्या हाकेनं काय झालं हे त्यांना कळलंच नव्हतं. कोमल खिडकीतून बाहेर बघत होती. पालीचं धरण मागं पडलं, बराच रस्ता गेला, आणि मग ती एकदम म्हणाली,

"अण्णा, तुमी येत जाऊ नका. तुमी येणार असाल तर मला खेळायचं न्हाई."

अण्णा पुढं तोंड करून बसले, ते धारूर येईपर्यंत मागं वळले नाहीत. त्या माणसाला गप्प बसलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं नाही.

कोमल सरावाला यायची बंद झाली. चार दिवसांनी अण्णा एकटेच आले, मोटारसायकल फाटकाबाहेर बंद करून ढकलत आणली. मी त्यांना काय घडलं ते नीट सांगितलं. 'बाजूला' म्हटल्यावर तिनं काय करायचं, हे तुम्हीच तिला शिकवलंय, तिनं ते केलं. ते ऐकून ते खाली बसले. त्या हाकेनं इतक्या लेकरांना वाचवलं, म्हणाले, अन् आपल्याच लेकराला आपटलं.

मग त्यांनी विचारलं की बापानं करायचं तरी काय. मला राग होताच, मी सरळ सांगितलं. वेळेवर आणायचं, वेळेवर न्यायचं. मधलं माझ्यावर सोडायचं. घरी लढतीचा विषय तिनं काढला तरच बोलायचं.

"अन् हारून आली तर काय म्हनू?"

"जेवलीस का, एवढं विचारा."

"अन् जिंकून आली तर?"

"तेच."

त्यांनी ते मनात दोनदा म्हणून बघितलं. ओठ हलताना दिसले मला.

महिन्याभरात टोळी निघाली. अण्णा आणि कोमलची आई गेले, कोमल चुलतीजवळ वस्तीवर राहिली. आणि टोळी गेली त्याच आठवड्यात पोरगी ड्रेस पिशवीत घालून हॉलच्या दारात उभी. मी काही विचारलं नाही, ताडपत्री झटकायला लावली.

अण्णांचा मला पहिला फोन आला तेव्हा मागं कोयत्यांचा आवाज येत होता. कोमल येती का, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, रोज येते.

"म्हंजे मी नसलो की येती," ते म्हणाले. त्यांचा आवाज इतका हळू निघू शकतो हे मला माहीत नव्हतं. मी त्यांची समजूत घालायचा प्रयत्न केला, पण ते म्हणाले, की येती ना, मग झालं, येऊ द्या. फडातल्या उन्हात उभं राहून एवढं गिळायचं सोपं नाही.

कोमलला मात्र ते रोज संध्याकाळी फोन करायचे. सराव कसा झाला, वजन किती, एक अक्षर नाही. "जेवलीस का?" ती म्हणायची, जेवले. "काय केलतं?" ती सांगायची, पिठलं. "बरं." संपला फोन. पहिले काही आठवडे तिला ते विचित्र वाटलं. मग हिवाळ्यात कधीतरी ती स्वतःच सांगायला लागली, की अण्णा, आज नवा डाव शिकवला. ते म्हणायचे, आसं का. पुढचा प्रश्न त्यांच्या ओठावर येऊन परत जात असणार, पण त्यांनी तो विचारला नाही.

उन्हाळ्यात टोळी परतली. पोरगी रंगात आली होती. आता बाप फाटकात उभा राहिला आणि ती परत घरी बसली तर? पहिल्या दिवशी मोटारसायकल वाजली, कोमल उतरली, माझ्याकडं बघितलं. अण्णा आत आलेच नाहीत. फाटकाजवळच्या लिंबाखाली हॉलकडं पाठ करून बसले. सराव संपेपर्यंत त्यांनी मान वळवली नाही. दुसऱ्या दिवशी तेच, आठवडाभर तेच. आत धाडकन कुणी पडलं की त्यांचे खांदे हलायचे, एवढंच. पाऊस सुरू झाला तेव्हा गमजा डोक्यावर घेऊन बसायला लागले.

श्रावण असेल. कोमल पाणी प्यायला दारात गेली, भिजलेली पाठ बघत उभी राहिली आणि माझ्याजवळ येऊन म्हणाली की त्यांना आत बसू द्या, पण बोलायचं नाही. मी म्हटलं, तुझा बाप आहे, तूच सांग. ती गेली. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. अण्णा आत आले आणि भिंतीला टेकून बसले, पहिलीतली पोरं बसतात तसं तोंडावर बोट ठेवून. चेष्टा नव्हती हो. त्यांना बोट ठेवल्याशिवाय जमतच नव्हतं.

पण सराव वेगळा आणि स्पर्धा वेगळी. बोटानं ती हाक अडली असती का, याची मला शंका होती आणि त्यांना माझ्याहून जास्त. भाद्रपद सरला आणि बालाघाटात सीताफळं पिकली. आमच्याकडं सीताफळ कुणी विकत घेऊन खात नाही, बांधावरचं उतरवायचं आणि खायचं. बीडच्या स्पर्धेला अण्णा उतरले ते पिशवीभर सीताफळं घेऊन. मला वाटलं, पोरीला चारायला आणली, आणि मी पदर खोचून पुढं झाले. त्यांनी घाईनं हात जोडले. सीताफळ पोरीसाठी नव्हतं, त्यांच्या स्वतःसाठी होतं. म्हणाले, तोंडात बियांचा बोकणा भरला की माणसाला हूं करता येत नाही, बी गिळता येत नाही अन् हॉलमध्ये थुंकताही येत नाही. घरी म्हशीसमोर करून बघितलं होतं म्हणे.

आणि खरंच, कोमलचं नाव पुकारलं की हा माणूस अख्खं सीताफळ फोडून तोंडात भरायचा. गाल फुगलेले, डोळे बाहेर, मांडीवर गमजा पसरलेला. शेजारी बसलेल्या एका बाईनं जागा बदलली.

दुसऱ्याच फेरीत समोर आली तीच, गेल्या वर्षीची बीडची मुलगी. कोमलनं कॉलर धरली. ती मुलगी तशीच आत शिरली. मी अण्णांकडं बघितलं. त्यांनी दोन्ही हातांनी गुडघे धरले होते आणि मानेच्या शिरा तटतटल्या होत्या, पण आवाज नाही. कोमलनं पकड सोडली नाही. बाजूलाही सरकली नाही. कंबर घातली आणि त्या मुलीला सरळ पाठीवर टाकलं.

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. कोमल उठली, वाकून नमस्कार केला आणि वर्षभरात पहिल्यांदा तिनं बापाला गर्दीत शोधलं.

"अण्णा, आता मारा की हाक," ती म्हणाली.

अण्णांनी तोंड उघडायचा प्रयत्न केला. तोंडात बिया. त्यांनी गमज्यात एकेक बी काढायला सुरुवात केली. बिया निघाल्या, तोंड उघडलं, आणि आवाज काही निघाला नाही. डोळ्यांतून मात्र धारा. कोमल आधी हसली आणि मग तीही रडली, आणि मी, पालक न आवडणारी बाई, पुढच्या लढतीची चौकशी करायच्या निमित्तानं पंचांच्या टेबलाकडं निघून गेले.

शेवटच्या लढतीत कोमल हरली. अंबाजोगाईकडची मुलगी तिच्याहून तयारीची होती, त्यात काही रडण्यासारखं नाही. ती मॅटवरून उतरली तेव्हा मी अण्णांकडंच बघत होते. गमज्यानं तोंड पुसून ते पुढं झाले.

"जेवलीस का?"

"न्हाई," कोमल म्हणाली. "सीताफळ उरलंय का एखादं?"

उरलं होतं. दोघं हॉलच्या पायरीवर बसून खात होते आणि दोघंही बिया थुंकण्यात दंग होते.

दिवाळीनंतर टोळी निघाली तेव्हा मी कोमलबरोबर रस्त्यावर उभी होते. आता ती माझ्याकडं राहणार होती. चुलतीच्या घरून सरावाला येणं-जाणं लांब पडतं, हे अण्णांनीच काढलं आणि अण्णांनीच माझ्या गळ्यात घातलं. ट्रॉलीत भांडी, शेळ्या, कोंबड्या, लेकरं, आणि सगळ्यांच्या वर मुकादम. एरवी टोळी निघताना अख्ख्या धारूरला कळायचं. त्या दिवशी ते काहीच बोलले नाहीत. कोमल समोर असली की गप्प राहायचं, ही आता त्यांची सवयच झाली होती. ट्रॅक्टर हलला, लांब जायला लागला. कोमल बघत राहिली. मग तिनं तोंडाभोवती दोन्ही हात धरले.

"बाजूलाऽऽ!"

मला माझ्या कानांवर विश्वास बसेना. बापाचाच आवाज. ट्रॉलीतल्या बायकांनी लेकरं आत ओढली, आणि अण्णा हातातला डबा टाकून झटकन मागं सरकले. मग त्यांनी वळून बघितलं. पोरगी रस्त्यात पोट धरून हसत होती. ते ट्रॉलीत उभे राहिले, टोपी सावरली, आणि वळणावर दिसेनासं व्हायच्या आत त्यांची हाक आली. बाजारातली माणसं थांबून बघायला लागली, इतकी मोठी.

"जेवलीस काऽऽ?"

"जेवलेऽऽ!" कोमल तितक्याच मोठ्यानं ओरडली आणि ट्रॅक्टर दिसेनासा झाल्यावर तिनं बाहीनं डोळे पुसले.

ती काही जेवली नव्हती. मी तिला घरी घेऊन आले आणि ताट वाढलं.